अभयचे चार बार

१

रेडिओवर शांतता चालत नाही. देवळात चालते, वाचनालयात चालते, नवरा-बायकोत तर चांगली आठवडाभर चालते. पण रेडिओवर दोन-तीन श्वासांइतका वेळ काही ऐकू आलं नाही, की ऐकणारा म्हणतो, "बंद पडलं वाटतं यांचं," आणि दुसरं काहीतरी लावतो.

म्हणून आमच्याकडे चौकीदार आहे. माणूस नव्हे हो, यंत्र. कोपऱ्यात बसलेला एक चपटा डबा. बाहेर जाणारा आवाज तो सतत ऐकत असतो. शांतता जरा लांबली की त्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि तो आपण होऊन ठेवणीतली सनई लावून देतो. मंगल कार्यालयात मुहूर्ताआधी लावतात ना, तसली. मागे एक निवृत्त प्राध्यापक आईची आठवण सांगता सांगता गहिवरून थांबले, तर त्यांच्या हुंदक्यावर आमच्या चौकीदारानं सनई सोडली. प्राध्यापक पुन्हा आले नाहीत.

मी राजनंदिनी. नारायण पेठेत फरसाणाच्या दुकानाच्या वर आमचं छोटंसं स्टेशन आहे. तिथे दर रविवारी सकाळी अकराला मी 'गप्पा आणि जॅझ' नावाचा कार्यक्रम करते. "पुण्यात जॅझ ऐकतं कोण?" असं लोक विचारतात. "जे असले प्रश्न विचारत नाहीत ते," असं मी सांगते. दर महिन्याला एक मंडळी पाहुणी असते. महिनाभर दर रविवारी तीच माणसं येतात, थोडं वाजवतात, थोडं बोलतात, आणि सगळं थेट जातं, काटछाट नाही. स्टेशन एवढंसं असल्यामुळे प्रश्न विचारणारी मीच, बटणं दाबणारी मीच आणि शेवटी कप विसळणारीही मीच. काचेच्या अलीकडे माझी खोली, पलीकडे वाजवणाऱ्यांची. मी बोलते ते त्यांना हेडफोनमध्ये ऐकू येतं, ते वाजवतात ते मला.

बोलणं हाच माझा धंदा. आई म्हणायची, ही झोपेतसुद्धा निवेदन करते. गप्प बसायची वेळ माझ्यावर फारशी कधी आलीच नाही.

२

पूर्णिमा माझी धाकटी बहीण. पियानो वाजवते. तिचा नवरा अभय सॅक्सोफोन वाजवायचा. आमच्या घरात जॅझ आणलं ते त्यानंच. बाबा त्याच्या सॅक्सोफोनला 'जावईबापूंची चिलीम' म्हणायचे.

मागच्या वर्षी गोव्यातला कार्यक्रम आटोपून दोघं बसनं परत येत होती. साताऱ्याला बस चहासाठी थांबली. अभय खिडकीला डोकं टेकून बसला होता. पूर्णिमानं विचारलं, "चहा घ्यायचा का रे?" तो काही बोलला नाही. झोपलाय, झोपू दे, असं म्हणून तिनं त्याच्या अंगावर शाल घातली आणि तीही खाली उतरली नाही. स्वारगेटला कंडक्टर उठवायला आला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, बहुधा साताऱ्याच्या आसपासच.

त्या 'आसपास'वर पूर्णिमा अडकून बसली. "ताई, त्यानं ऐकलं असेल का गं? मी विचारलं ते?" महिनोन् महिने हाच एक प्रश्न. मी काय सांगणार? कधी हो म्हणायची, कधी नाही म्हणायची, दोन्हींनी ती सारखीच रडवेली व्हायची.

मी तिला माझ्या घरी घेऊन आले. पियानोला तिनं हात लावला नाही. जेवायची दोन घास, तेही माझ्या धाकानं. लहानपणी माझ्या वेण्या ओढणारी, वाण्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणारी ती भांडखोर पोर, माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती. मला भीती वाटायची. एक दिवस उठेन आणि ही घरात असूनही नसेल, अशी अगदी सरळसरळ भीती.

म्हणून मी त्यांच्या जुन्या मंडळींना गाठलं. दत्तोबाकाका डबल बास वाजवतात, म्हणजे ते माणसाहून उंच व्हायोलिन. पूर्वी ते कसबा पेठेतल्या लग्नाच्या बँडमध्ये होते. आणि तेजस ड्रमवर, एरवी तो खराडीला कॉम्प्युटरसमोर बसतो. म्हटलं, पुढचा महिना तुमचा. पूर्णिमाला घेऊन या, कसंही करून या.

ती आली. एकच अट घातली तिनं. अभयचं स्टूल ठेवायचं, त्याचा माइक लावायचा आणि 'चार-चार'मध्ये त्याचे चार मोकळे सोडायचे.

३

हे 'चार-चार' काय ते सांगते. चार बार एकानं वाजवायचे, लगेच पुढचे चार दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बार म्हणजे आपल्याकडच्या आवर्तनासारखं समजा, दारूचा नव्हे. एक बोलतो, दुसरा उत्तर देतो, बाकीचे ऐकतात. आपला सवाल-जवाबच तो, फक्त बूट घालून.

पहिल्या रविवारी मी याबद्दलच दत्तोबांना विचारलं, "काका, यात भांडणं नाही होत?"

"होतात की," ते म्हणाले. "आमच्या बँडमध्ये नियम होता, बाई. दुसऱ्याच्या चारांत जो घुसेल, पुढचे चार त्याच्या गळ्यात. वाजवता येवोत नाहीतर न येवोत. अर्ध्या वरातीत उभं करायचे आणि म्हणायचे, हं, वाजव आता."

सगळे हसले. पूर्णिमासुद्धा. ते हसणं ऐकून मला इकडे काचेआड भरून आलं.

मग ते वाजवायला लागले. स्टुलासमोर पूर्णिमानं गालिच्याचा एक जाड तुकडा अंथरला होता. तो मीच कधीतरी अभयला दिलेला. वाजवताना तो डाव्या पायानं ठेका धरायचा आणि त्याच्या बुटाची धपधप माइकमध्ये यायची, म्हणून. ती सगळी तयारी बघून मला कसंसंच झालं, पण म्हटलं, असू दे. लोक फोटोला हार घालतात, ही गालिचा घालते.

पूर्णिमाचे चार झाले, दत्तोबांचे झाले, तेजसचे झाले. आणि मग तिघंही थांबले. खोलीत कोणी हललं नाही. तेजसच्या काठ्या हवेत होत्या. मग पूर्णिमानं मान हलवली आणि पुढचे चार सुरू झाले. फार सुंदर वाटलं मला ते, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रम संपला, कप विसळले, दिवे घालवले, आणि जिन्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगंबाई! चौकीदार! त्याला बंद ठेवायचं मी साफ विसरले होते. म्हणजे त्या मोकळ्या चार बारांमध्ये सनई वाजायलाच हवी होती.

वाजली नव्हती. मी उलट पावली वर गेले. यंत्र चालू होतं. सगळे माइक बंद केले आणि उभी राहिले. दोन श्वास, तिसरा श्वास, आणि पीं करून सनई सुरू. ठणठणीत होतं यंत्र.

मग मघाशी का नाही वाजली? काहीतरी ऐकलं असेल त्यानं. वातानुकूलनाची घरघर, दत्तोबांचा दमा, खालच्या कढईचा चर्र आवाज. मशीनला काय, आवाज तो आवाज. मी स्वतःची समजूत घातली आणि घरी गेले.

४

सोमवारी यमुनाबाईंचा फोन आला. यमुनाबाई आमच्या कसबा पेठेतल्या श्रोत्या. तक्रार केल्याशिवाय त्यांचा आठवडा सुरू होत नाही.

"अहो, कालचं ते तुमचं बरं होतं," त्या म्हणाल्या. मी खुर्ची धरली, कारण यमुनाबाईंनी काहीही बरं म्हटल्याचं स्टेशनला ऐकिवात नव्हतं. "पण ती पिपाणी जरा लांब ठेवायला सांगा. कानात शिरते अगदी."

"कुठली पिपाणी?"

"कुठली म्हणजे? ती फुंकायची. मधेमधे एकटीच वाजत होती ती. गोड वाजवतो हो मुलगा, पण जवळ फार येतो."

"यमुनाबाई, ती सनई असेल. आमच्या यंत्राची."

"सनई मला कळत नाही होय? चार मुलींची लग्नं केलीत मी."

फोन ठेवला. मग विचार केला, यमुनाबाईंना कानाला यंत्र आहे. शेजारी कुणी टीव्ही लावला असेल, दोन्ही एकत्र ऐकू आलं असेल. आणि अभय या कार्यक्रमात पूर्वी कितीदा तरी वाजवून गेलेला, जुनं काहीतरी डोक्यात राहिलं असेल त्यांच्या. म्हाताऱ्या माणसाचं काय धरायचं? असं सगळं नीट रचून मी ते बाजूला ठेवलं. पूर्णिमाला सांगितलं नाही.

५

कारण पूर्णिमा सुधारत होती हो! त्या आठवड्यात तिनं आपणहून थालीपीठ लावलं. केसांना तेल लावलं. भाजीवाल्याला "ही मेथी आहे का गवत?" असं विचारलं, तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन देवाला हात जोडले. काम करताना गुणगुणायला लागली. चार बार गुणगुणायची, मग थांबायची, मग हसून पुढचं गुणगुणायची. मी म्हटलं, सराव करतेय.

एका सकाळी आम्ही दोघी चहाला बसलो होतो. मी शेजारच्यांच्या नव्या गाडीबद्दल काहीतरी कुचकं बोलत होते. पूर्णिमा हसली, कप उचलला, आणि कप ओठांपाशी पोचण्याआधी थांबली. नजर खिडकीकडे. चेहरा अगदी प्रसन्न, कुणीतरी छान काही सांगतंय आणि ही ऐकतेय, असा. मी बोलत राहिले. माझा चहा संपला. मी पेपर चाळला, दाराशी आलेलं दूध आत घेतलं, परत येऊन बसले. ती तशीच. हात हवेत, थरथरसुद्धा नाही. मी वाकून तिच्या कपात बघितलं, तर चहावर साय धरलेली.

"पूर्णिमा!"

तिनं कप ओठांना लावला, तोंड वाकडं केलं. "शी, हा गार कसा झाला?"

"किती वेळ बसलीस अशी!"

"मी? अगं, चार बार थांबले असेन," ती म्हणाली आणि उठून चहा गरम करायला गेली.

डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं. पण बसलेल्या धक्क्यातून माणूस असंच बाहेर येतं, थोडं इकडे, थोडं तिकडे, असं कुठेतरी वाचलं होतं. ते घट्ट धरून ठेवलं.

६

पुढच्या रविवारी मोकळे बार आले तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवून बसले. चौकीदार चालूच ठेवला होता. बघू तरी.

तिघं थांबले. मी पाणी प्यायले. चष्मा काढून पुसला. खालून शेव तळल्याचा वास आला, जिन्यावरून कुणीतरी चढून वर गेलं. तरी ते थांबलेलेच. माझ्या हेडफोनमध्ये काहीही नव्हतं, काही म्हणजे काहीच नाही. आणि चौकीदार गप्प. आता ही कुठल्याही घरघरीची गोष्ट नव्हती. तो डबा मला इतकी वर्षं ठाऊक आहे. त्याला शांतता ऐकू येत नव्हती, म्हणजे त्याला दुसरं काहीतरी ऐकू येत होतं.

मग पूर्णिमानं मान हलवली आणि बास सुरू झाला, जणू मधे काही झालंच नाही.

कार्यक्रम झाल्यावर मी तेजसला बाजूला घेतलं. "ते मोकळे बार किती लांबवता रे?"

"चारच आहेत, ताई."

"चार कसले! मी इथे म्हातारी झाले."

"ताई, मी ड्रमर आहे. मोजणं इज लिटरली माय जॉब. चारच मोजले, प्रॉमिस." त्याचा चेहरा खरा होता. थट्टा करणारं पोर नाही ते.

दत्तोबा बासवर कापड चढवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चारच होते, बाई. पण मोठे होते."

"मोठे म्हणजे?"

"ते मला विचारू नका. बरं वाटतं तिथं. परत यावंसं वाटत नाही इतकं बरं वाटतं." मग कापडाची गाठ आवळत म्हणाले, "आम्हां दोघांचं ठीक आहे हो. आमची बायकापोरं इकडे आहेत. पूर्णिमाचं बघा."

७

तिसऱ्या रविवारी ते बार इतके लांबले की मला काचेवर टकटक करावी लागली. त्या आठवड्यात घरी पूर्णिमा कधी जिन्यात थांबलेली दिसायची, कधी नळ चालू ठेवून. हाक मारली की यायची, हसून यायची, पण दर वेळी एक हाक जास्त लागायची.

मी तिला म्हटलं, "या रविवारी राहू दे. मी दुसरं काहीतरी लावते."

तिनं माझा हात धरला. वर्षभरात तिच्या डोळ्यांत इतकं तेज मी पाहिलं नव्हतं. "ताई, एकच तर राहिलाय. तो आता सांगेल बघ. दर वेळी सांगता सांगता त्याचे चार संपतात."

"काय सांगेल?"

"चहाचं," ती म्हणाली. दूध आलं म्हणावं इतक्या साधेपणानं.

बंद करून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. सोपं आहे म्हणायला. तुमच्या घरचं माणूस वर्षभरानं जेवायला लागलं असतं म्हणजे कळलं असतं. मी मधला मार्ग काढला. दत्तोबांना फोन केला. म्हटलं, या वेळी मोकळे बार आले की तुम्ही वाजवायचं. काहीही वाजवा, पण शांतता होऊ देऊ नका. ते हो म्हणाले. आणि रविवारी सकाळी सगळे यायच्या आत मी अभयच्या माइकची वायर काढून, गुंडाळून, माझ्या पर्समध्ये ठेवली.

८

छान ऊन होतं. तेजसनं येताना सगळ्यांना खालून कचोऱ्या आणल्या. पूर्णिमा नवी साडी नेसून आली होती, पर्स पियानोच्या पायाशी ठेवली होती. मी तिला प्रश्न विचारले, तिनं झकास उत्तरं दिली, एकदा तर मलाच टोमणा मारला. मग वाजवायला लागले.

पूर्णिमाचे चार. दत्तोबांचे चार. तेजसचे चार.

मी दत्तोबांकडे बघितलं. त्यांनी हात उचलला, तारांवर टेकवला, आणि तिथेच ठेवला. वाजवलं नाही. डोळे मिटून मान डोलवायला लागले. तेजसही डोलत होता. तिघांच्या माना एका लयीत हलत होत्या, आणि माझ्या हेडफोनमध्ये ठार शांतता. कोपऱ्यात चौकीदार स्वस्थ. वायर माझ्या पर्समध्ये.

"पूर्णिमा," मी त्यांच्या हेडफोनमध्ये म्हटलं. मग मोठ्यानं. मग ओरडले. काचेवर हात आपटला. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला त्या स्टुलाकडे बघायचं नव्हतं. मी बघितलं. स्टूल रिकामंच होतं, ऊन पडलेलं. पण त्याच्यासमोरच्या गालिच्याची लव एका जागी दबत होती आणि उठत होती. दबत होती, उठत होती. ठेक्यात. डावीकडे.

किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग ते थांबलं. लव दबली ती दबलेलीच राहिली, आणि तिच्या शेजारी दुसरी एक जागा दबली. बसलेलं माणूस उठताना दोन्ही पाय टेकवतं तशी.

पूर्णिमानं मान वर केली. कुणाच्या तरी तोंडाकडे बघतात तशी. ती हसली. तिनं खाली वाकून पर्स उचलली, खांद्याला लावली, पदर सावरला, आणि एका हातानं पियानोची कड धरून उठायला लागली. अशी उठते बाई, बसमधून उतरताना. पुढच्या सीटची दांडी धरून.

मी विचार केला नाही. चौकीदाराच्या पाठीला हातानं चालवायचा एक खटका आहे, तो ओढला आणि आवाज पूर्ण चढवला.

सनई अशी काही कडाडली की तेजसच्या हातातल्या काठ्या गळून पडल्या. दत्तोबांनी कान धरले. पूर्णिमा अभयच्या स्टुलाजवळ उभी होती, पर्स लावून. तिनं वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी दार उघडून धावले. तिला मिठी मारली. अंग बर्फासारखं गार होतं.

"ताई, तो उठला होता गं," ती म्हणाली. "सांगत होता तो मला." आणि ती मोठ्यानं रडायला लागली. वर्षभर मुसमुसत होती, तसं नाही. लहानपणी गुडघा फुटला की रडायची तसं, भोकाड पसरून, माझ्या खांद्याचं पातळ भिजेपर्यंत. वरून सनई चालूच. मी म्हटलं, रड बाई, रड. आहेस ना इथे, मग खुशाल रड.

दत्तोबा सगळं आवरून निघाले तेव्हा मी त्यांना जिन्यात अडवलं. "काका, वाजवतो म्हणाला होतात!"

"तो वाजवत होता, बाई. मधे कसं घुसणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. "घुसलात तुम्ही."

९

सोमवारी यमुनाबाईंचा फोन आला. "अहो, ऐन वेळी सनई कसली लावलीत? तो मुलगा पिपाणी खाली ठेवून बोलायला लागला होता."

"काय बोलला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काही विशेष नाही हो. चांगला आवाज आहे. 'चल, उतरू,' म्हणाला."

पूर्णिमा आता बरी आहे. खरंच बरी आहे. स्वतःच्या घरी परत जायचं म्हणतेय, पियानो शिकायला दोन मुली येतात, त्यांच्यावर ओरडते. त्या दिवसापासून ती कुठे थांबत नाही, चहा गार करत नाही. चहाचा प्रश्नही तिनं पुन्हा विचारला नाही. मला एवढंच हवं होतं. देवाशपथ, एवढंच.

कार्यक्रमही चालू आहे. नवी मंडळी आहेत, त्यांच्यात कुणाचे चार मोकळे नसतात. फक्त मागच्या रविवारी मी पाहुण्यांना एक प्रश्न विचारला, त्यांचं उत्तर ऐकलं, आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर काचेच्या पलीकडून ते सगळे माझ्याकडे टकामका बघत होते आणि सनई वाजत होती. मी म्हटलं, क्षणभर थांबले होते. चार बार.

मला तिथे सॅक्सोफोन ऐकू येत नाही. मला बस ऐकू येते. उभी असलेली, इंजिन चालू ठेवलेली. आणि दाराशी कुणीतरी उभं आहे, काही न बोलता, शहाण्यासारखं. तो पहिल्यापासूनच तसा. दुसऱ्याच्या चारांत कधी घुसला नाही. ही पाळी माझी आहे, हे त्याला ठाऊक आहे.

मला वाजवता येत नाही. मला बोलता येतं. म्हणून मी बोलतेय, मघापासून, त्या चौकीदारापासून हे सगळं. जे जे आठवलं ते सांगितलं, बाबांच्या चिलमीपासून कचोऱ्यांपर्यंत, उगाच लांबवलं. बोलणं चालू आहे तोवर चार माझे आहेत.

समोर टेबलावर माझा चहा आहे. त्याच्यावर साय धरलीय, ती मला इथून दिसते. पूर्णिमाचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि ती ताई, ताई म्हणून हाका मारतेय, फार लांबून, जिन्याच्या तळातून मारावी तशी. येते गं. एवढं सांगून झालं की येते.

पण सांगून झालं की पाळी त्याची. आणि त्याच्या पाळीला तो काय म्हणणार, ते यमुनाबाईंनी मला सांगून ठेवलंय.